निळ्या काठाचे तसराळे

पाणी किती ऊन आहे हे मोठी, म्हणजे ही संस्था उभी करणारी बाई, कोपराने पाहत असे. भांडी घासून आणि इस्त्री धरून बोटे निबर होतात, ती खोटे बोलतात. कोपर खोटे बोलत नाही, असे तिचे म्हणणे. बाही दंडापर्यंत सारून ती कोपर पाण्यात बुडवी, क्षणभर डोळे मिटी, मूठभर मीठ सोडी आणि निळ्या काठाचे ते इनॅमलचे तसराळे दोन्ही हातांनी उचलून पुढच्या खोलीत नेई. घरात आलेल्या प्रत्येक बाईचे पाय पहिल्या दिवशी दुपारी मोठी स्वतः धुई. अकरा वर्षांत तिने एकतीस जणींचे पाय धुतले होते. ही रीत कुठून आली असे पाहुण्यांनी विचारले की ती सांगे, "पहाटेच्या प्रार्थनेत सुचलं. सुचवलं गेलं म्हणा." हे सांगताना आपण खोटे बोलतो आहोत असे तिला कधी वाटले नव्हते.

घर दुमजली होते. खाली शिवणखोली, तिथे सात यंत्रांवर रुग्णालयांसाठी उशांचे अभ्रे आणि पाठीमागे नाड्या असलेले रुग्णांचे झगे शिवले जात. शेजारी प्रार्थनेची खोली. पांढऱ्या भिंती, एक दिवा आणि गोल मांडलेल्या चटया, एवढेच तिथले सामान. वर झोपायच्या खोल्या. एका नर्सबाईखेरीज संस्था चालवणाऱ्या सगळ्या 'तिकडून' आलेल्या होत्या. तिकडे म्हणजे नेमके कुठे, हे कोणी कोणाला विचारत नसे. गल्ल्या वेगळ्या असल्या तरी जिने तेच होते. म्हणून इथल्या रीती तिकडच्या रीती उलट्या करून बेतलेल्या होत्या. तिकडे कड्या बाहेरून असत, इथे खोल्यांना कडी फक्त आतून. तिकडे कोणाला जाऊ देत नसत, इथे फाटकाला दिवसभर कुलूप नसे आणि जाते म्हणणारीला अडवायचे नाही, हा मोठीनेच घातलेला नियम होता. तिकडे आल्याआल्या नवे नाव चिकटवत, इथे नाव विचारायचेच नाही; बाई आपणहून सांगेपर्यंत ती सगळ्यांची 'नवी'. शिवण शिकवणारी मास्तरीण म्हणे, "मी आठ महिने नवीच होते. जुनी व्हायला दुसरी नवी यावी लागली."

दाराजवळ लाकडी फळ्यांची मांडणी होती. घरात पायताण चालत नसे. प्रत्येकीच्या चपलांची त्या फळ्यांवर ठरलेली जागा होती.

बत्तिसावी बाई रुग्णालयातल्या समाजसेविकेबरोबर आली. अडतीस-चाळिशीची असावी. हाडापेराने भक्कम, पण अंगावरचे मांस आटलेले. पायांत नाडीचे कापडी बूट होते आणि डाव्या बुटाच्या शिवणीवर पिवळट ओल चढलेली होती. समाजसेविका कागदावर सही घेऊन गेली, तेव्हा ती पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसली होती, आणि तिथून स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून मोठीकडे टक लावून पाहत होती. मोठीने बाही सारली, कोपर बुडवले, डोळे मिटले.

तसराळे खुर्चीसमोर ठेवले गेले तशी त्या बाईने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, गुडघे छातीशी ओढले आणि बुटांच्या टाचा हातांनी घट्ट धरल्या.

"पाणी काढ इथून."

"बरं," मोठी म्हणाली. "रीत आहे, सक्ती नाही. पाय दुखत असतील म्हणून—"

"पाणी कोपरानं बघणारं माणूस मी एकदाच पाहिलंय."

"माझी आई बघायची तसं. धाकट्याला अंघोळ घालताना."

"असेल," ती बाई म्हणाली. "आया असतातच सगळ्यांना."

मोठी तसराळे घेऊन मोरीत गेली. पाणी ओतताना तसराळे कलले आणि निम्मे पाणी तिच्याच पायांवर सांडले. वय झाले, असे ती मनाशी म्हणाली. पण पावलांवरून ओघळणारे ते कोमट पाणी तिला नको इतके ओळखीचे वाटले, आणि ती बराच वेळ नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली.

नवीने बूट काढले नाहीत. जेवताना नाहीत, झोपताना नाहीत, प्रार्थनेच्या खोलीतही नाहीत. ती दाराला लागून असलेली चटई धरी आणि पाय पोटाशी घेऊन बसे. दोघीतिघींनी कुरकुर केली. मोठी म्हणाली, "राहू दे. देवाला बुटांचं काही वाटत नाही, आपल्याला वाटतं." एरवी अशा बोलण्यावर बायका माना डोलवत, त्या दिवशीही डोलवल्या. फक्त नवी तिच्याकडे बघून किंचित हसली, आणि मोठीची नजर दिव्याकडे वळली.

कामाला मात्र ती वाघीण होती. पहिल्या दिवशी मास्तरणीने तिला अभ्र्याची सरळ शिलाई दिली, तिसऱ्या दिवशी झग्याच्या गळ्याची पट्टी. यंत्राचा पायटा ती उजव्या बुटाने मारी. डावा पाय ती यंत्राखाली अलगद, उसन्या वस्तूसारखा ठेवी.

"बुटांना अंघोळ कधी घालायची गं?" मास्तरणीने एकदा सगळ्यांसमोर विचारले. "का मुहूर्त बघतेस?"

"तुझ्या मयताला काढीन," नवी सुईत दोरा ओवत म्हणाली. "तोवर धीर धर."

शिवणखोलीत हशा पिकला. मास्तरीण सगळ्यांत जास्त हसली. तिला तोडीस तोड मिळाली होती. "ही टिकणार," ती मोठीला म्हणाली. "जिला उलटून बोलता येतं ती टिकते. रडूबाईच पळतात."

नर्सबाई मात्र हसली नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली ही बाई त्या घरातली एकटीच तिकडून न आलेली होती, आणि म्हणूनच कोणाच्या अंगाला न विचारता हात लावत नसे. चौथ्या दिवशी ती मोठीला मोरीपाशी गाठून म्हणाली, "त्या पायाला वास येतोय. आत पू झालाय, आणि साखरेचं दुखणं आहे तिला, कागदात लिहिलंय. मी तीनदा विचारलं. म्हणते, पायाचं माझं मी बघीन. आणखी दोन दिवस बूट निघाला नाही, तर मग बूट घालायला पाय उरायचा नाही. तुमचं सगळ्या ऐकतात. तुम्ही बोला."

"माझं ती नाही ऐकणार."

"का?"

मोठी म्हणाली, "काहींचं जमत नाही एकेकीशी." आणि तिला जाणवले की तोंडातून शब्द निघण्याआधी आपण दाराकडे पाहिले होते, कोणी ऐकत नाही ना म्हणून. अकरा वर्षांत या घरात तिने कधी असे पाहिले नव्हते.

सकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकीने एक वाक्य बोलावे किंवा गप्प राहावे, अशी पद्धत होती. कोणी पोराबाळांसाठी मागे, कोणी झोप मागे, मास्तरीण बहुधा चांगल्या सुया मागे. बोललेल्या वाक्यावर कोणी काही विचारायचे नसे. पाचव्या सकाळी आपली पाळी आल्यावर नवीने पहिल्यांदाच तोंड उघडले. तिला ताप होता. गाल तापलेले आणि ओठ कोरडे होते.

"माझ्या तपकिरी चपला होत्या," ती म्हणाली. "दोन पट्ट्यांच्या, पितळी बकलाच्या. थोरल्या भावानं घेतल्या होत्या. पाय धुताना काढल्या, त्यांचं काय झालं ते मला कळू दे."

 तापात बरळते आहे, असे बायकांना वाटले असावे. पुढचीने आपले वाक्य म्हटले, मग तिच्या पुढचीने. मोठीची पाळी आली तेव्हा ती गप्प राहिली. तीही पहिल्यांदाच.

तिकडचे चेहरे मोठीला आठवत नसत. संस्थेत येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सांगितले होते की असे होते, मन स्वतःच्या बचावासाठी पडदे ओढून घेते. पण चपला आठवत होत्या. दोन पट्ट्या, पितळी बकल, उजव्या बकलाची जीभ जरा वाकडी. त्या आठवल्या आणि त्यांच्यामागून सगळा जिनाच वर चढून आला.

तिकडच्या घरात मागच्या जिन्याखाली मोरी होती. बायका लांबून येत, दोन-दोन दिवसांच्या प्रवासाने पाय सुजलेले असत. मालकीण म्हणाली होती, "तुझा हात हलका आहे. तुझ्याजवळ त्या शांत होतात." मोठीला तिथे सात वर्षे झाली होती तेव्हा, आणि या नव्या कामाच्या बदल्यात जुन्या कामातून सूट मिळत होती. तिने पाणी तापवले, कोपराने पाहिले, मीठ टाकले. "घाबरू नकोस गं, पाय मोकळे कर," ती म्हणे. त्या खरोखरच शांत होत. एकीला तर तिथेच डुलकी लागली होती. पाय पुसून होईपर्यंत चपला ओल्या पंच्यात गुंडाळून मोठीच्या काखेत गेलेल्या असत. जिन्याखाली एक पत्र्याचे पिंप होते, त्यात त्या टाकायच्या. कुलपापेक्षा ते पिंप पक्के होते. गल्लीत काचा होत्या, आणि काचांतूनही कोणी पळाली तर अनवाणी बाई कोणत्या घरची हे कोपऱ्यावरच्या पानवाल्यापासून सगळ्यांना कळे. ते तिला हाताला धरून परत आणून सोडत.

चार वर्षे. त्या चार वर्षांतल्या पायांची गणती कोणी ठेवली नव्हती.

इथे आलेल्या प्रत्येकीला मोठी एक गोष्ट समजावून सांगे: तिकडे जे करावं लागलं, त्याचा दोष तुझा नाही. हे वाक्य तिने शेकडो वेळा उच्चारले होते, आणि ते खरे आहे यावर तिचा विश्वास होता. आता ते तिने स्वतःच्या अंगावर टाकून पाहिले. मापात बसेना, कुठेतरी काखेत काचत होते.

शिवाय दुसरी गोष्ट होती, आणि ती पिंपापेक्षा वाईट होती. संस्थेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत छापले होते की संस्थापिका तिकडून अनवाणी पळाली, आणि एका प्रार्थनाघराची देखरेख करणाऱ्या म्हातारीने तिचे रक्ताळलेले पाय धुतले. म्हातारीने पाय धुतले हे खरे होते. ते पाय रक्ताळलेले नव्हते. मोठी पळाली ती तपकिरी चपला घालून, एका नव्या बाईच्या, ज्या पिंपात टाकण्याऐवजी तिने स्वतःसाठी ठेवल्या होत्या, कारण त्या पायाला बसल्या. त्या बाईला लगेच दुसऱ्या घरी धाडले होते; मोठी वर्षभर त्या घालून घरात हिंडली. प्रार्थनाघराच्या पायरीवर ती थांबली, आणि आत जायचे म्हणून त्या काढल्या. म्हातारी दारात येऊन म्हणाली, "अनवाणी आलीस गं बाई?" मोठीने मागे वळून पाहिले नाही. तिने हो म्हणून मान हलवली. पुढे तीच गोष्ट इतक्यांदा सांगितली की तळव्यांत काचा गेल्याचेही तिला आठवू लागले.

मग पाय धुण्याची रीत आली कुठून, म्हातारीच्या हातांतून की जिन्याखालच्या मोरीतून? तो दिवसभर अभ्र्यांच्या घड्या मोजताना ती हेच मोजत होती. म्हातारीचे हात तिला स्पष्ट आठवत. पण म्हातारीने पाण्यात कोपर घातले नव्हते, मीठही टाकले नव्हते. जगात परमेश्वराने एवढी भांडी घडवली असताना तिने बाजारातून नेमके निळ्या काठाचे तसराळे उचलून आणले होते, आणि ते कशासारखे आहे हा प्रश्न तिला अकरा वर्षांत पडला नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी नवी यंत्रावरून उठली आणि दोन पावलांतच भिंतीला टेकली. नर्सबाई धावली. "आता रुग्णालय," ती म्हणाली. "आजच. रिक्षा बोलावते. बूट कापावा लागेल, पण आधी विचारते तुला. कापू?"

"हात लावू नका." नवीचे दात वाजत होते. "मी जाते. इथं अडवत नाहीत ना? सांगितलं होतं मला, फाटक उघडं असतं."

"जाशील कुठं अशी?" मास्तरीण म्हणाली. "तुला पाय टेकवत नाही. मोठी, सांग की हिला काहीतरी."

सातही यंत्रे थांबली होती. सगळ्यांनी मोठीकडे पाहिले. मोठी इस्त्रीच्या मेजापाशी उभी होती. नवी भिंत धरधरून पुढच्या खोलीत गेली, चपलांच्या मांडणीवरून पुढे, ओट्यावर, तिथून अंगणात. फाटक पंधरा पावलांवर होते.

अडवायचे नाही, हा नियम मोठीचाच. त्या क्षणी तिला उमगले की हा नियम तिला वाचवू शकतो. ती फक्त नियम पाळील, बाकी कोणाला काही कळणार नाही. नवी रस्त्यावर जाईल, कुठल्यातरी वळणाला पडेल, कोणी तिला रुग्णालयात नेईल किंवा नेणार नाही. पाय जाईल, कदाचित जीवही जाईल. आणि इथे संध्याकाळी बायका तिच्यासाठी प्रार्थना करतील, मोठीच दिवा लावील. झाकली मूठ तशीच राहील. हे सगळे तिला एका दमात दिसले, आणि सगळ्यांत भयंकर हे होते की त्या दिसण्यात सुटकेचा एक गारवा होता. मालकिणीने जुन्या कामातून सूट दिली तेव्हा वाटला होता, अगदी तसाच.

ती ओट्यावर आली. तिच्यामागे मास्तरीण, नर्सबाई, आणि दारात बाकीच्या.

"तुझ्या चपला मी घेतल्या," मोठी म्हणाली.

नवी थांबली. वळली मात्र नाही.

"पिंपात नाही टाकल्या. मला बसल्या म्हणून ठेवल्या. वर्षभर घातल्या. पळाले तेव्हाही त्याच होत्या पायांत. एका प्रार्थनाघराच्या पायरीवर काढल्या आणि परत घेतल्या नाहीत. पुढं त्यांचं काय झालं ते मला माहीत नाही."

"काय बोलतेस तू हे?" मास्तरीण हळूच म्हणाली. "मोठी, कुणाच्या चपला?"

"हिच्या. तिकडे आलेल्यांचे पाय मी धुवायचे. धुताना चपला काढून न्यायचे, पळता येऊ नये म्हणून. चार वर्षं केलं. हिचेही धुतले." तिचा आवाज सपाट होता, रडू आले असते तर बरे झाले असते, पण ते आले नाही. "इथं धुते तेही तिथंच शिकलेलं आहे. प्रार्थनेत सुचलं म्हणून सांगत आले. आणि मी अनवाणी नव्हते."

 नवी सावकाश वळली. तिने मोठीच्या चेहऱ्याकडे न पाहता तिच्या पायांकडे पाहिले.

"चावायच्या का?"

"काय?"

"चपला. चावायच्या का?"

"डाव्या पायाला," मोठी म्हणाली. "अंगठ्यापाशी. पट्टीची शिलाई वर आली होती."

"हो," नवी म्हणाली. "मी दादाला सांगितलं होतं, बदलून आण. तो म्हणाला, घालून घालून मऊ होतील." मग जरा वेळाने, "झाल्या का?"

"झाल्या. शेवटी शेवटी झाल्या."

नवीने मान हलवली, जणू बरीच वर्षे अडून राहिलेला एखादा साधा प्रश्न सुटला होता. ती फाटकाशेजारच्या दगडी बाकावर बसली.  नर्सबाई पुढे झाली, तशी नवीने हात वर केला.

"तुम्ही काढा बूट. ती नाही."

"मीच काढते."

"आणि तिच्या चपला आणा."

कोणाला कळेना. मास्तरणीने आत जाऊन मांडणीच्या पहिल्या फळीवरून मोठीच्या काळ्या रबरी चपला आणल्या आणि नवीच्या हातांत दिल्या. नवीने त्या मांडीवर घेतल्या आणि दोन्ही हातांनी दाबून धरल्या. "आता कापा," ती म्हणाली.

नर्सबाईने शिवणखोलीतली मोठी कात्री मागवली. बुटाचे कापड करकरत फाटले. वास अंगणभर पसरला. दोघींनी पदर नाकाला लावला आणि लगेच खाली घेतला. मोठी ओट्यावरून पाहत होती. डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटे जन्मतःच जुळलेली होती. तिकडे पाणी ओतता ओतता ती त्या बोटांना हसली होती: "जुळी बोटं नशीबवान असतात गं." त्या वेळचा नवीचा चेहरा मात्र तिला आताही आठवला नाही.

रिक्षा आली. नर्सबाई आणि मास्तरणीने नवीला उचलून आत बसवले. चपला तिने सोडल्या नाहीत. मास्तरीणही बरोबर निघाली होती. बसण्याआधी ती ओट्याशी परत आली.

"माझे पाय धुतलेस तेव्हा," ती म्हणाली, आणि अडली. तिला पुढे काय विचारायचे होते हे तिलाही ठाऊक नसावे. "तेव्हा काय चाललं होतं तुझ्या मनात?"

"तुझे पाय दुखत असतील, एवढंच."

"आणि तिचे धुताना?"

"तेच," मोठी म्हणाली. "तेच, गं. तेच तर आहे."

मास्तरणीने तिच्याकडे नीट पाहिले, मग ती रिक्षात जाऊन बसली.

त्या संध्याकाळी यंत्रे पुन्हा चालली नाहीत. दिवा दुसऱ्या एकीने लावला. तिला कोणी सांगितले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही. मोठी दाराजवळच्या चटईवर, नवीच्या जागी बसली. प्रार्थना झाल्यावर कोणी तिला वाईट बोलले नाही. एकीने तिचे ताट वाढून आणले. पण वर झोपायला जाताना एकजण मांडणीपाशी थांबली, आपल्या चपला उचलल्या आणि त्या हातांत घेऊन जिना चढली. मग दुसरी. मग त्या दोघी, ज्यांनी बुटांबद्दल कुरकुर केली होती. कोणीही मोठीकडे पाहिले नाही. पाहण्यासारखे काही नव्हतेच, जी ती आपलीच वस्तू नेत होती. शेवटची गेली तेव्हा फळ्यांवर फक्त धुळीतले ठसे उरले होते, जोडीजोडीने, बोटे भिंतीकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई परतली. मोठी अंगण झाडत होती, अनवाणी. अजून तिने दुसऱ्या चपला घेतल्या नव्हत्या, आणि घे असे कोणी म्हटले नव्हते.

"पाय राहिला," नर्सबाई म्हणाली. "दोन बोटं गेली, जुळलेली. बाकी पाय राहिला. ताप उतरलाय. खाट आवरू नका म्हणून निरोप आहे तिचा."

मोठीने केरसुणी भिंतीला टेकवली. "येणार आहे?"

"खाट आवरू नका म्हणाली. एवढंच म्हणाली." नर्सबाई जराशी घुटमळली. "मास्तरीण तिथंच बसून आहे. दोघींची भांडणं चालू असतात दिवसभर, वॉर्डातल्या वैतागल्यात. आणि रुग्णालयात नोंदीला लागतं म्हणून तिनं नाव सांगितलं. स्वतःचं, खरं."

मोठी वाट पाहत राहिली.

"तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"बरोबर आहे," मोठी म्हणाली.

"चपला उशाखाली ठेवल्यात. मी म्हटलं, नेते परत, त्यांना लागत असतील. तर म्हणाली, मला अजून लागतात."

नर्सबाई आत गेली. दारातून शिरताना सवयीने ती मांडणीपाशी थांबली, मोकळ्या फळ्या पाहिल्या, खाली वाकून स्वतःचे बूट काढले, आणि ते कुठे ठेवावे हे न सुचून हातातच धरून उभी राहिली. मोरीवर निळ्या काठाचे तसराळे पालथे घातलेले होते. मोठी पुन्हा अंगण झाडू लागली. ऊन वर चढत होते आणि फरशी तापू लागली होती. ती एकेक फरशी सावकाश, न चुकवता झाडत फाटकापर्यंत गेली. फाटक उघडे होते. बाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी फोडलेल्या बाटलीच्या काचा उन्हात चमकत होत्या. ती उंबऱ्याशी थांबून आपल्या पावलांकडे पाहत राहिली. मग केरसुणी घेऊन त्या काचा गोळा करायला बाहेर पडली.